हरवलेल्या दिवसांची वही

‘पहाटे ४.१०. घशातल्या नळीतून सक्शन केलं. स्राव घट्ट, पिवळसर. ऑक्सिजन ८८ वर उतरला, मग ९४. रुग्ण अस्वस्थ, नळी ओढण्याचा प्रयत्न. दोन्ही मनगटं मऊ पट्टीने बांधली. डॉक्टरांना कळवलं. गुंगीचं औषध वाढवलं.’

अतिदक्षता विभागात, म्हणजे सगळे म्हणतात त्या आयसीयूत, रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातून अशा नोंदी होतच असतात. नोंद चोख आहे. वेळ आहे, आकडे आहेत, काय केलं आणि कुणाला कळवलं तेही आहे. सकाळी ड्यूटीवर येणाऱ्या सिस्टरला जे हवं ते सगळं तिच्यात मिळतं. पण त्याच पहाटेची आणखी एक हकिकत पलंगावरच्या माणसाच्या डोक्यात तयार होत असते. त्याला वाटतं, आपल्याला कुणीतरी पळवून आणलंय. हात बांधलेत. तोंडात काहीतरी कोंबून आपल्याला बुडवताहेत. आजूबाजूला माणसं बोलताहेत, मधूनच हसताहेत, पण आपण जिवाच्या आकांताने ओरडलो तरी कुणी वळून बघत नाही. श्वासनलिकेत जाणारी नळी स्वरयंत्रातून गेलेली असते, त्यामुळे आवाज खरोखरच फुटत नसतो.

माणूस बरा होतो, घरी येतो. पाहुणेरावळे येऊन ‘मोठ्या दुखण्यातून उठलात’ म्हणतात. तो मान डोलावतो आणि रात्री दिवा चालू ठेवून झोपतो. का, ते सांगत नाही. सांगितलं तर लोक वेड्यात काढतील, ही भीती त्याला असते. शिवाय ज्या सिस्टरांनी जीव वाचवला त्यांच्याबद्दल असं काही बोलायचं तरी कसं?

हा अनुभव विरळा नाही. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या २२४ रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या १८३ जणांना आयसीयूत असताना केव्हा ना केव्हा सन्निपात झाला, म्हणजे भान हरपलं, वेळ-काळ-माणसं यांची गल्लत झाली. कारणं अनेक असतात. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, कमी पडणारा ऑक्सिजन, गुंगीची औषधं, चोवीस तास जळणारे दिवे, तुकड्यातुकड्यांची झोप. अशा अवस्थेत मेंदू जे टिपतो त्यात खरे आवाज, खरे स्पर्श असतात; त्यांचा अर्थ मात्र तो स्वतः लावतो, आणि तो बहुधा भयंकर असतो.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या व्हिस्टन रुग्णालयात क्रिस्टिना जोन्स या परिचारिका-संशोधिका आयसीयूतून बाहेर पडलेल्या रुग्णांचा पुढचा प्रवास बघत होत्या. २००१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह एक निष्कर्ष मांडला, त्याने या विषयाची दिशाच बदलली. आपल्याला वाटतं, टोचण्या, नळ्या, वेदना यांची खरी आठवण जितकी कमी तितकं बरं. त्यांना दिसलं ते उलट. ज्यांना आयसीयूतलं खरं काहीच आठवत नव्हतं आणि फक्त भासच आठवत होते, त्यांना पुढे घबराटीचे झटके आणि आघातोत्तर तणावाची लक्षणं जास्त होती. खऱ्या घटनेची थोडीशी, अप्रिय का असेना, आठवण असेल तर ती माणसाला आधार देते. भासांना ताडून बघायला त्याच्याकडे काहीतरी असतं.

मग प्रश्न उरतो, ज्याला आठवतच नाही त्याला खरी आठवण आणून द्यायची कुठून?

या प्रश्नाचं उत्तर तो नीट विचारला जाण्याच्या आधीच काही परिचारिकांनी शोधलेलं होतं. त्यासाठी थोडं मागे जाऊ. अतिदक्षता विभाग ही गोष्टच मुळात डेन्मार्कची देणगी. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयानक साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वास बंद पडलेल्या मुलांना वाचवण्यासाठी भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी गळ्यातून श्वासनलिकेत नळी घातली आणि तिला रबरी पिशवी जोडली. ती पिशवी हाताने दाबत राहायची. त्यासाठी सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने मुलांच्या उशाशी बसले, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. पुढे पिशवीची जागा यंत्राने घेतली, हे चांगलंच झालं. पण श्वास देणारा माणूस उशाशी बसलेला असणं, हे त्या यंत्रासोबत संपलं.

१९८०च्या दशकात आणि त्यापुढे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन या देशांतल्या आयसीयूंमध्ये सिस्टर लोकांनी शुद्धीत नसलेल्या रुग्णांसाठी वह्या लिहायला सुरुवात केली. वरून आदेश नव्हता, कुणी प्रकल्प काढला नव्हता, संशोधनाचा आधारही नव्हता. एका विभागातली परिचारिका दुसऱ्या विभागात गेली की सोबत कल्पना घेऊन जायची. डेन्मार्कच्या इंग्रिड एगरोड यांनी पुढे या प्रथेचा इतिहास जुळवला, तेव्हा ती तळातून, कामाच्या गरजेतून उगवल्याचं स्पष्ट झालं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. रुग्णसेवेतल्या कितीतरी सुधारणा आधी हातांना सुचतात आणि शास्त्र मागून येतं.

स्वीडनमधल्या नोरशेपिंगचे कार्ल बेकमन हे स्वतः आयसीयूत काम करणारे परिचारक. त्यांनी वहीत छायाचित्रांची भर घातली आणि २००१ साली आपली पद्धत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पद्धत अगदी साधी होती. रुग्ण काही दिवस आयसीयूत राहणार असं दिसलं की त्याच्या नावाने वही उघडायची. तो कसा आला, काय झालं होतं, हे पहिल्या पानावर सोप्या भाषेत लिहायचं. मग रोज थोडं थोडं. सिस्टर लिहिणार, घरचे लिहिणार. मधेमधे फोटो लावायचे. रुग्ण बरा होऊन घरी गेला की काही आठवड्यांनी त्याला बोलावून वही त्याच्या हातात द्यायची आणि सोबत बसून ती वाचायची. शक्य असेल तर ज्या पलंगावर तो होता तो पलंग, ते यंत्र, तो गजर दाखवायचा.

सुरुवातीला दिली ती नोंद वहीत कशी दिसेल? आपल्या मातीतली एक नोंद नमुना म्हणून इथे रचून दिली आहे.

‘सोमवार, रात्रपाळी. नमस्कार काका. मी तुमची रात्रीची सिस्टर. आज तुमचा व्हेंटिलेटरवरचा पाचवा दिवस. न्युमोनियामुळे छातीत कफ दाटलाय. तो आम्ही एका बारीक नळीने ओढून काढतो. त्या वेळी जोरात उबळ येते, जीव गुदमरतो. तुमच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. पहाटे चारच्या सुमाराला तुम्ही घशातली नळी ओढायला गेलात. ती निघाली असती तर श्वास थांबला असता, म्हणून तुमचे हात मऊ पट्टीने बांधावे लागले. मला ते करताना वाईट वाटत होतं. मी तुम्हाला सांगत होते, तुम्ही डोळे उघडून बघितलंत, पण कळलं की नाही कोण जाणे. साडेपाचला पट्ट्या सोडल्या. बाहेर रात्रभर पाऊस होता. सकाळी काकू आल्या, तुमचा हात धरून बसल्या. म्हैस व्याली, रेडी झाली, असं तुम्हाला सांगत होत्या.’

दोन्ही नोंदी एकाच रात्रीच्या, एकाच प्रसंगाच्या. पहिली रुग्णाबद्दल लिहिली आहे, दुसरी रुग्णाला. पहिलीत ऑक्सिजनचा आकडा आहे, दुसरीत गुदमरण्याचं कारण. बांधलेले हात दोन्हीकडे आहेत, पण त्यांमागचा हेतू दुसरीत कळतो. ‘कुणीतरी बुडवत होतं’ हे ज्याच्या मनात घर करून बसलंय, त्याला तो सक्शनचा प्रसंग होता हे इथे सापडतं. भास खोटा होता असं त्याला कुणी सांगत नाही. तो कशातून निघाला, तेवढं दिसतं. आणि घरी म्हैस व्याली तेव्हा आपण कुठे होतो, हेही कळतं.

एगरोड आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टेन्सेन यांनी २०१० साली रुग्णांच्या वह्या आणि त्यांच्याच केसपेपरांची ओळीला ओळ लावून तुलना केली. केसपेपर तुटक होता, अनेक हातांचा, तांत्रिक भाषेतला. वहीत सलग गोष्ट होती, तिला सुरुवात आणि वळणं होती, आणि रुग्ण तिच्या केंद्रस्थानी होता. केसपेपर वाईट आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. औषधाची मात्रा, लघवीचं मोजमाप, दर तासाचा रक्तदाब हे तुटक आणि तंतोतंतच लिहायला हवं. तिथे पाल्हाळ केला तर जीव जाईल. पण माणसाच्या आयुष्यातले दहा-पंधरा दिवस केवळ त्या कागदात राहिले, तर त्याला ते परत मिळत नाहीत.

नोंद आणि धीर ही दोन्ही कामं एकाच हाताने करणारी परिचारिका इतिहासात पहिल्याच पानावर भेटते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची संख्याशास्त्रातली कामगिरी सर्वांना माहीत आहे. सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडेवारी ठेवावी, यासाठी त्यांनी तयार केलेले तक्ते १८६० साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे आले होते. पण त्याआधी, क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या रुग्णालयात, त्यांनी मेलेल्या शिपायांच्या घरी पत्रं लिहिली होती. मुलगा कसा गेला, शेवटी काय बोलला, कुणाची आठवण काढली, हे आईला कळावं म्हणून. ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या त्यांच्या पुस्तकात रुग्णाला पोकळ धीर देणाऱ्या माणसांवर एक अख्खं प्रकरण आहे. ‘काही होत नाही, बरे व्हाल’ असं उगाच म्हणण्याने रुग्ण एकटा पडतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. वही लिहिणाऱ्या सिस्टरांना आजही हेच शिकवावं लागतं: खोटी आशा लिहू नका, जे झालं ते लिहा.

नंतरच्या शंभर वर्षांत तक्ते वाढत गेले आणि पत्रं मागे पडली. याला परिचारिका जबाबदार नाहीत. कोर्टकचेरी, विमा, मान्यतेच्या तपासण्या यांनी प्रत्येक तासाला नवा रकाना जोडला. आज कुठल्याही सिस्टरला विचारा, ‘नोट्स लिहिण्यातच निम्मी ड्यूटी जाते’ असं ती सांगेल.

वह्यांचा उपयोग होतो का, हे कसून तपासायला २०१० साल उजाडलं. क्रिस्टिना जोन्स, कार्ल बेकमन आणि त्यांच्या गटाने युरोपातल्या सहा देशांतली बारा रुग्णालयं घेतली: डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, ब्रिटन, इटली आणि पोर्तुगाल. निदान तीन दिवस आयसीयूत राहिलेले आणि किमान चोवीस तास व्हेंटिलेटरवर असलेले ३५२ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. वही सगळ्यांसाठी लिहिली गेली. एका गटाला ती महिनाभराने मिळाली, परिचारिकेच्या समजुतीसह. दुसऱ्या गटाला तीन महिन्यांची तपासणी संपल्यावर मिळाली, म्हणजे अखेर वंचित कुणीच राहिलं नाही. या आखणीत मला सभ्यता दिसते. तीन महिन्यांनी ज्यांच्या हाती वही होती त्यांच्यातल्या ५ टक्के लोकांना आघातोत्तर तणावाचा आजार नव्याने जडला होता. ज्यांना ती अजून मिळाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण १३.१ टक्के होतं. वही ही महागडं औषध नाही, तिचा खर्च कागद-पेन आणि कुणाची तरी दहा मिनिटं एवढाच. त्यामुळे या निकालाची चर्चा सगळीकडे झाली. जर्मनीत पेटर न्यूडाल या परिचारकाने ही पद्धत रुजवण्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं.

आता आयसीयूच्या दाराबाहेर जाऊ.

तिथली खुर्ची, जिन्याखालची चटई, डब्याची पिशवी, हातात मोबाइल आणि औषधांची चिठ्ठी घेऊन बसलेली माणसं कुणी पाहिली नाहीत? आत सोडतात ते सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ, एकेकाला. बाकी सगळा वेळ दाराकडे बघत बसायचं. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वळतात. घरातला एखादा मुलगा किंवा जावई डॉक्टरांशी बोलतो. तो पत्नीला सांगतो, पत्नी नणंदेला, नणंद गावाकडे फोन करते. ‘प्रकृती स्थिर आहे’ या वाक्याचं संध्याकाळपर्यंत गावात ‘उद्या सोडणार’ होतं. आजीला काय सांगायचं आणि काय लपवायचं यावर वेगळीच खलबतं. पैशांची जुळवाजुळव चालूच. या सगळ्यात ती माणसं खातात काय, झोपतात कधी, याची विचारपूस करणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

त्यांची विचारपूस पद्धतशीरपणे केली ती परिचारिकांनीच. अमेरिकेत नॅन्सी मोल्टर यांनी १९७९ साली गंभीर रुग्णांच्या ४० नातेवाइकांपुढे ४५ गरजांची यादी ठेवली आणि कोणती किती महत्त्वाची, ते विचारलं. सगळ्यांत वर आली आशा: काहीतरी आशा आहे असं वाटणं. तिच्या मागोमाग होती ती इथल्या माणसांची आपल्या माणसावर माया आहे याची खात्री, आणि काही बदल झाला तर घरी फोन येईल हा भरवसा. स्वतःची सोय त्यांच्या लेखी बरीच खाली होती. जेन लेस्के यांनी पुढे या यादीवरून एक प्रश्नावली घडवली आणि ती देशोदेशी वापरली गेली.

कुटुंब संकट कसं पेलतं, हा प्रश्न त्याहून जुना. समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी दुसऱ्या महायुद्धात घरातला पुरुष दूर गेलेल्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९४९ साली एक सोपी मांडणी पुढे ठेवली. घर कोलमडेल की नाही, हे केवळ घटनेवर ठरत नाही. घराजवळ काय साधनं आहेत आणि घर त्या घटनेचा काय अर्थ लावतं, यावरही ते अवलंबून असतं. हॅमिल्टन मॅककबिन आणि जोन पॅटरसन यांनी १९८३ साली तिला काळाची जोड दिली: एक संकट निस्तरण्याआधी दुसरी येऊन साचतात, आणि घराला त्या साऱ्या ढिगाशी झुंजावं लागतं. आयसीयूबाहेरच्या माणसांना हे लागू पडतं. आजार कुणाच्या हातात नाही, पैसा-मनुष्यबळ एका रात्रीत वाढत नाही. पण काय चाललंय याचा अर्थ लावायला मदत करणं शक्य असतं. सिस्टरचं काम इथे सुरू होतं.

अर्थ लावता आला नाही तर काय होतं, ते फ्रान्समध्ये मोजलं गेलं. एली अझुले आणि सहकाऱ्यांनी २१ आयसीयूंमधल्या रुग्णांच्या २८४ नातेवाइकांशी नव्वद दिवसांनी संपर्क साधला. सरासरी तिघांमागे एकात, ३३.१ टक्के लोकांत, आघातोत्तर तणावाची लक्षणं होती. आपल्याला अपुरी माहिती मिळाली असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात हेच प्रमाण ४८.४ टक्के निघालं. हा अभ्यास २००५चा. दोन वर्षांनी त्याच देशातून दुसरा अभ्यास आला. रुग्ण वाचणार नाही हे उघड झालेल्या १२६ कुटुंबांपैकी निम्म्यांशी डॉक्टर-नर्सच्या चमूने ठरवून, आखून बैठक घेतली, त्यांच्या भावना बोलून दाखवल्या, त्यांना प्रश्न विचारू दिले, आणि शोकाबद्दलची छोटी पुस्तिका हाती दिली. या बैठका सरासरी ३० मिनिटं चालल्या, नेहमीच्या २० मिनिटं. पण खरा फरक दुसरीकडे होता. नेहमीच्या बैठकीत नातेवाईक ५ मिनिटं बोलले होते, आखलेल्या बैठकीत १४. नव्वद दिवसांनी तणावाची लक्षणं नेहमीची बैठक झालेल्या गटात ६९ टक्के नातेवाइकांत होती, आखलेली बैठक झालेल्यांत ४५ टक्के. माणूस दोन्हीकडे गेलाच होता. बोलायला मिळालेली ती जादा नऊ मिनिटं मात्र घरच्यांबरोबर राहिली.

वही या ठिकाणी नातेवाइकांच्या उपयोगी पडते, हे स्वीडनमधल्या मुलाखतींतून पुन्हा पुन्हा पुढे आलं. ज्याच्याशी बोलायचंय तो बोलू शकत नाही, तेव्हा त्याला लिहिता येतं. नुसतं बसून राहण्यापेक्षा काहीतरी केल्यासारखं वाटतं. सकाळी येणारी मुलगी रात्री थांबलेल्या भावाने काय लिहिलं ते वाचते, आणि सिस्टरने रात्री दोन वाजता लिहिलेल्या चार ओळींतून तिला कळतं की आपण नसताना कुणीतरी बाबांशी बोलत होतं. मोल्टर यांच्या यादीतली ‘माया आहे याची खात्री’ ती हीच. जोन्स आणि बेकमन यांनी २०१२ साली नातेवाइकांवर एक छोटा अभ्यास केला, त्यातही वही मिळालेल्या घरांतल्या माणसांची तणावाची लक्षणं कमी आढळली. त्याच वर्षी ‘अतिदक्षतेनंतरचा लक्षणसमूह’ ही संज्ञा वैद्यकीय साहित्यात रुजू झाली, आणि तिच्या व्याख्येत रुग्णासोबत कुटुंबालाही स्वतंत्र जागा मिळाली. आयसीयूमुळे घरातल्या धडधाकट माणसालाही आजार जडू शकतो, हे अधिकृतपणे मान्य झालं.

रुग्ण दगावला तर वही घरच्यांना दिली जाते. काही जण ती लगेच वाचतात, काही कपाटात ठेवून देतात. ती घ्या किंवा वाचा असा आग्रह कुणी करू नये. बरा झालेला रुग्णही कधी कधी पहिल्याच फोटोवर थांबतो. सुजलेला चेहरा, तोंडात नळी. स्वतःला तसं बघणं सोपं नाही. म्हणूनच वही टपालाने पाठवू नये, समजावून सांगणारं माणूस सोबत असावं, असं या कामातले लोक कळकळीने सांगतात.

इथवर वाचून वहीने सगळे प्रश्न सुटतात असं वाटेल, तर तसं नाही. कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०१४ साली आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारे तीनच अभ्यास सापडले: दोन मिळून ३५८ रुग्णांचे, एक नातेवाइकांचा. पुरावा अपुरा, असा निर्वाळा आला. मग फ्रान्समध्ये माइते गारूस्त-ऑर्जेआस यांनी मोठा प्रयोग केला: ३५ आयसीयू, ६५७ रुग्ण. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी तणावाची ठळक लक्षणं वही असलेल्यांत २९.९ टक्के, नसलेल्यांत ३४.३ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. नातेवाइकांतही लक्षणीय फरक दिसला नाही.

जोन्स यांच्या गटाचा २०१०चा निकाल आणि हा, या दोन निकालांची सांगड कशी घालायची? पहिल्या अभ्यासाने आजाराचं नवं निदान मोजलं, दुसऱ्याने फोनवरच्या प्रश्नावलीतले गुण. पहिल्या अभ्यासात वही हाती देणं हाच विधीसारखा नेमका भाग होता. देश वेगळे, रुग्ण वेगळे. पण एवढ्यावर समाधान मानून फ्रान्सचा निकाल बाजूला सारणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. वहीमुळे आघातोत्तर तणाव टळतो, असं आज छातीठोकपणे म्हणता येत नाही. माझं मत विचाराल तर, वहीकडे लसीसारखं बघण्यातच घोटाळा झाला. आपल्या आयुष्यातले गेलेले दिवस परत कळावेत हा रुग्णाचा हक्क आहे, आणि बाहेर बसलेल्यांना आत काय चाललंय ते माणसाच्या भाषेत कळावं हा त्यांचा. या हक्कांसाठी टक्केवारीचा दाखला लागू नये. रुग्णाला अंघोळ घालण्याने मृत्युदर किती उतरतो, असं विचारून आपण अंघोळ घालायची की नाही ते ठरवत नाही.

महाराष्ट्रात केसपेपर मिळवण्याचा हक्क तरी कागदावर पक्का आहे. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला किंवा नातेवाइकांना नोंदींच्या प्रती द्यायला रुग्णालयं नकार देऊ शकत नाहीत असं बजावलं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांत मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देण्याचं आणि त्या तीन वर्षं जपण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे. पण हाती पडतो तो इंग्रजी आद्याक्षरांचा, घाईच्या अक्षरातला गठ्ठा. विम्याच्या दाव्याला तो पुरतो. ‘त्या रात्री मला काय झालं होतं’ या प्रश्नाला पुरत नाही.

मग इथल्या सिस्टरने वहीही लिहायची का? व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका हवी, असं मानलं जातं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एकीच्या वाट्याला दोन किंवा तीन रुग्ण येतात. तिच्यावर आणखी एक रजिस्टर लादलं तर पंधरवड्यात तेही ‘रुग्ण स्थिर, झोप बरी’ अशा साचेबंद ओळींनी भरेल आणि वहीचा आत्मा जाईल. ज्या रुग्णालयांना हे करायचंय त्यांनी आधी मनुष्यबळ द्यावं, मग वह्या छापाव्यात. कोविडच्या काळात दाराबाहेर बसण्याचीही मुभा गेली, तेव्हा पीपीई किटातल्या सिस्टरांनी आपल्या फोनवरून घरच्यांना रुग्णाचा चेहरा दाखवला. त्यासाठीही कुणी आदेश काढला नव्हता. इच्छा आहे, हात अपुरे आहेत.

घरच्यांना मात्र वाट बघण्याची गरज नाही. साधी शंभर पानी वही पुरते. पहिल्या पानावर आपलं माणूस रुग्णालयात कसं पोचलं ते लिहावं: कुठे होता, काय त्रास झाला, कुणी उचललं, कोणत्या गाडीतून नेलं. मग रोज तारीख घालून, त्याला उद्देशून. डॉक्टर काय म्हणाले, आपल्याला काय समजलं, आज तो कसा दिसत होता, डोळे उघडले का, कोण भेटायला आलं आणि दारातूनच परत गेलं, घरी काय शिजलं, पीक कसं आहे, कुणाचा निकाल लागला. सिस्टरला वेळ असेल तर तिला दोन ओळी लिहायला सांगाव्यात. नसेल तर तिने सांगितलेलं आपण लिहावं, तिच्या नावासह. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवाला सांगून लिहून घ्यावं. फोटो काढायचा तर आधी विभागाची परवानगी घ्यावी, आणि शेजारच्या पलंगावरचं माणूस त्यात येऊ देऊ नये. बिलाचे आकडे, भाऊबंदकी, डॉक्टरांवरचा राग यांसाठी वेगळी वही करावी, कारण ही वही रुग्णाच्या हातात जायची आहे. ती कधी उघडायची ते त्याने ठरवावं. उघडेल तेव्हा लिहिणाऱ्यांपैकी एकाने तरी जवळ बसावं. वाचताना त्याला प्रश्न पडतील आणि त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं वहीत नसतील.